सेटिंगचा वेळ

माझ्या थोरल्या बहिणीचे घर बेळगावजवळच्या सांबऱ्यात, विमानतळाच्या धावपट्टीच्या कुंपणापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. यंदा संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास मी तिच्याकडे गेलो, तेव्हा चुलीजवळ अर्धवट भाजलेले तीळ तसेच टाकून ती स्टुलावर चढली होती आणि मधल्या खोलीच्या खिडकीवर जाड वाकळ अडकवत होती. दोन्ही कोपऱ्यांना खिळे आधीच ठोकलेले होते, म्हणजे हे काम त्या दिवशी पहिल्यांदा होत नव्हते. मी उंबऱ्यातूनच हाक मारली, तर तिने ओठावर बोट ठेवले. "हळू बोल की. पोरगं आत्ता कुठं निजलंय."

पोरगे म्हणजे माझा भाचा, वय वर्षे अठ्ठावीस, एका विमान कंपनीत सहवैमानिक. तो आदल्या रात्री आठला बेंगळूरच्या विमानतळावर हजर झाला, रात्रभरात त्याने तीन उड्डाणे केली, पहाटे साडेचारला मोकळा झाला, आणि दोन दिवसांची सुटी होती म्हणून खोलीवर न जाता सकाळच्या विमानात प्रवासी म्हणून बसून घरी आला. त्याच्या नावाने गावात जो मान आहे तो बहिणीला सुखावतो आणि त्रासही देतो. शेजारचे एक निवृत्त काका तर दर भेटीत एकच प्रश्न विचारतात, "पायलटला महिन्याला पडतात तरी किती?" आणि आकडा कानावर पडला की दुसरा प्रश्न तयार असतो, "पण विमान आपलं आपणच चालतंय म्हणे की आता?"

पहिल्या प्रश्नाचे ढोबळ उत्तर अवघड नाही. आपल्याकडे नव्या सहवैमानिकाचा पगार लाख-दोन लाखांच्या घरात असतो, आणि अनुभवी कॅप्टन त्याच्या तिप्पट-चौपट मिळवतो. हा आकडा ऐकून काकांचे समाधान होते. माझे होत नाही. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी एकतीस वर्षे पगारपत्रके लिहिली आहेत, आणि त्या एकतीस वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकलो, ती अशी की पगार किती हे विचारण्याआधी तो कशावर मोजतात हे विचारावे. आमच्याकडे दोन जातीचे कामगार होते, एक हजेरीवरचे आणि दुसरे नगावरचे. हजेरीवाल्याला आठ तासांचे पैसे मिळत, मग मशीन चालो वा बंद राहो. नगावाल्याचा हिशोब शिफ्टच्या शेवटी ट्रेमधले नग मोजून व्हायचा. चांगला टर्नर नगावर काम करून हजेरीवाल्याच्या दीडपट मिळवत असे, त्यामुळे गल्लीत त्याचाच रुबाब अधिक असे. मात्र लेथवर नवा जॉब बांधायचा, चक बदलायचा, टूल घासून आणायचे, पहिला नग काढून मापात बसतो की नाही ते गेजने पाहायचे, या सगळ्याला जो तास-दीड तास लागे त्याला सेटिंगचा वेळ म्हणत, आणि त्या वेळात ट्रेमध्ये एकही नग पडत नसल्यामुळे त्याचे पैसेही पडत नसत. वीज गेली तरी तेच, माल आला नाही तरी तेच.

भाचा दुपारी चहा पिता पिता मोबाइलवर त्याचे रोस्टर, म्हणजे महिन्याच्या ड्युट्यांचे वेळापत्रक, दाखवू लागला, तेव्हा दोन मिनिटांत माझ्या लक्षात आले की हा पोरगा नगावर आहे.

वैमानिकांच्या जगात नगाला ब्लॉक अवर म्हणतात. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून ते जागेवरून हलले की हा तास सुरू होतो आणि मुक्कामी पुन्हा ठोकळे लागले की संपतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे ड्युटी या सदरात जाते. भाच्याच्या त्याच रात्रीचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. आठला हजेरी, मग श्वासाची मद्यचाचणी, हवामानाचे कागद, इंधन किती घ्यायचे याचा निर्णय, विमानाला बाहेरून फेरी मारून तपासणी. नऊला पहिले विमान हलले. प्रत्येकी सुमारे एक तास पन्नास मिनिटांची तीन उड्डाणे झाली, मधे पाऊण-पाऊण तासाचे दोन थांबे झाले, आणि शेवटी कागदपत्रांना अर्धा तास गेला. ड्युटी साडेआठ तासांची झाली. ब्लॉक साडेपाच तासांचे. उरलेले तीन तास म्हणजे आमच्या भाषेत सेटिंग.

"आणि मामा, ही तर चांगली रात्र होती," तो म्हणाला. "विमान उशिरा आलं, तर गेटवर बसून काढलेले दोन तास ड्युटीत धरतात, ब्लॉकमध्ये नाही."

अख्ख्या महिन्याची बेरीज मी त्याच्याकडून करून घेतली. ब्लॉक ५८ तास, ड्युटी १४१ तास. शिवाय चार दिवस स्टँडबाय, म्हणजे गणवेश इस्त्री करून, फोन उशाशी ठेवून, बोलावणे आले तर निघायचे आणि नाही आले तर नुसते बसायचे. काही तास असे, की पुढचे विमान दुसऱ्या शहरातून घ्यायचे म्हणून गणवेशातच प्रवाशाच्या खुर्चीवर बसून तिथवर जायचे. याला ते डेडहेड म्हणतात. बिनकामाच्या माणसाला कंपनीने स्वतःच्या खर्चाने नेणे असा त्याचा अर्थ होतो, आणि माझ्या हिशोबी मनाला ते नावच अपमानास्पद वाटले.

आता इथे खरी मेख आहे. ब्लॉक तासांवर पगार देणाऱ्या बहुतेक कंपन्या महिन्याला काही तासांची हमी देतात. तेवढे उड्डाण झाले नाही तरी तेवढ्याचे पैसे मिळतात, आणि त्यापुढच्या तासांचे वेगळे. दोन कंपन्यांचा तासाचा दर अगदी सारखा असला तरी एकीची हमी ७० तासांची आणि दुसरीची ४० तासांची असेल, तर भाच्याच्या त्या ५८ तासांच्या महिन्यात पहिली कंपनी ७० तासांचे पैसे देईल आणि दुसरी ५८ चे. पुढच्या महिन्यात तापाने आठ दिवस अंथरुणावर गेले आणि उड्डाण ३१ तासांचेच झाले, तर पहिलीत पगार हलणार नाही, दुसरीत तो ४० तासांवर येईल. घराचा हप्ता आणि वैमानिक होण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता यांना तापाशी देणेघेणे नसते.

हे केवळ माझ्या वहीतले गणित नाही. एअर इंडिया टाटांकडे गेल्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये तिथे नवी पगाररचना आली, तेव्हा महासाथीपूर्वी ७० तासांची असलेली हमी तीत ४० तासांची झाली, आणि दीड हजारांच्या आसपास वैमानिकांनी सह्या करून आपले गाऱ्हाणे थेट रतन टाटांकडे धाडले. विस्तारा या विमान कंपनीचे एअर इंडियात विलीनीकरण व्हायचे होते म्हणून पुढच्या वर्षी तोच करार तिथल्या वैमानिकांपुढे ठेवला गेला. मार्चअखेरपासून वैमानिक कमी पडू लागले आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणे, म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा, कमी करावी लागली. व्यवस्थापनाचे म्हणणे असे होते की जो जास्त उडेल तो जास्त मिळवेल. हे वाक्य वाचताना मला आमचे मालक आठवले. नगाचा दर ठरवताना ते नेमके हेच म्हणत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसे. उभ्या मशीनवर व्याज चढते, आणि उभे विमान तर लेथपेक्षा कितीतरी महाग. तरीही नगावरच्या माणसाचे एक वैशिष्ट्य मालकांना माहीत असून ते बोलत नसत, आणि मीही पगारपत्रक लिहिता लिहिता कधी बोललो नाही. नगावरचा माणूस दमला म्हणून स्वतःहून थांबत नाही. पॉवर प्रेसवर बोटे गेलेले जे कामगार मी पाहिले, त्यांतले बहुतेक शिफ्टच्या शेवटच्या तासातले होते.

इतर देशांतल्या कंपन्यांविषयी मी भाच्याला खोदून खोदून विचारले. अमेरिकेतही पगार ब्लॉक तासावरच आहे. मोठ्या कंपन्यांत लांब पल्ल्याच्या विमानांवरच्या ज्येष्ठ कॅप्टनचा दर तासाला ४०० डॉलरच्या वर गेला आहे, आणि २०२३ मध्ये डेल्टा, युनायटेड व अमेरिकन या तिघींनी केलेल्या करारांत वैमानिकांचे पगार काही वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढायचे ठरले. आपल्या वर्तमानपत्रांत आले ते एवढेच. मला त्याहून मोलाची वाटली ती त्यांच्या करारांतली रिग नावाची तरतूद. ड्युटीच्या दर दोन तासांमागे निदान एक तासाचे पैसे द्यायचेच, आणि घराबाहेर काढलेल्या दर साडेतीन तासांमागेही निदान एका तासाचे, मग विमान तेवढे उडो वा न उडो, अशा धर्तीची ही कलमे असतात. ते ऐकून मी हसलो. आमच्या मशीन शॉपमध्ये दोन वर्षांच्या कटकटीनंतर प्रत्येक नव्या जॉबमागे अर्ध्या तासाचा सेटिंग भत्ता मंजूर झाला होता आणि त्यासाठी पगारपत्रकात वेगळा रकाना मीच आखला होता. समुद्रापलीकडे वैमानिकांच्या संघटनांनी तोच रकाना मिळवला होता, फक्त त्याचे नाव निराळे होते.

मात्र त्या रकान्यावर अमेरिकेतही सगळ्यांचा हक्क नव्हता. २००९ साल यासाठी पाहण्याजोगे आहे. जानेवारीत कॅप्टन सलनबर्गर यांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत उतरवून १५५ जणांना वाचवले, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितले की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतनही गेले आहे. या दोन घटनांच्या मधे, १२ फेब्रुवारीच्या रात्री, बफेलो शहराजवळ कोलगन एअर या छोट्या कंपनीचे विमान एका घरावर कोसळले आणि ५० माणसे मेली. त्याची सहवैमानिक रात्रभर मालवाहू विमानांतून देशाच्या दुसऱ्या टोकाहून कामावर आली होती, आणि कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. नोकरीच्या शहरात भाड्याची खोली परवडावी असा त्या सहवैमानिकेचा पगार नव्हता. त्या अपघातानंतर अमेरिकेने विश्रांतीचे नियम नव्याने लिहिले आणि ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू केले. ड्युटीआधी दहा तासांची विश्रांती, आणि तीत सलग आठ तास झोपायची संधी. मालवाहू विमानांना मात्र त्यातून वगळले. खोक्यांसोबत उडणाऱ्या वैमानिकाला झोप कमी लागते असे बहुधा कुणाला वाटले असावे.

युरोपात वर्षाला ९०० तासांची मर्यादा आहे, आणि रायनएअरसारख्या कंपनीत पाच दिवस काम, चार दिवस सुटी असा ठोक बांधलेला क्रम असतो व बहुतेक रात्री माणूस आपल्या घरी झोपतो. आखातातल्या कंपन्या घर, मुलांच्या शाळेची फी आणि करमुक्त पगार देतात. त्या बदल्यात लांब पल्ल्याच्या रात्री आणि उलटेसुलटे दिवस पदरी पडतात. भाच्याचा एक वर्गमित्र तिकडे जायला टपला आहे. तरी निघणे सोपे नाही, कारण २०१७ पासून आपल्याकडे कॅप्टनने नोकरी सोडण्याआधी वर्षभराची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस द्यावी असा नियम आहे. नगावर काम आणि वर्षभराची नोटीस, असा कामगार मी एकतीस वर्षांत पाहिला नाही.

आमचे अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. बोर्ड कानडी, प्रवासी मराठी, आणि रात्रभराचा मुंबईचा रस्ता. रात्रगाडी घेऊन परतले की तेही दिवसा झोपत, आणि आई खिडकीवर वाकळ लावून आम्हाला अंगणातून हाकलून देत असे. बहिणीला ती सवय कुठून लागली हे मला त्या दिवशी विचारावे लागले नाही. अप्पांना मिळे तो मासिक पगार, त्यामुळे गाडी घाटात बंद पडली म्हणून त्यांचे काही कापले जात नसे. आणि त्यांच्यासाठी मोटार वाहतूक कामगार कायदा होता, १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत. हा पसारा फार शहाणपणाचा शब्द आहे. सकाळी चार तास गाडी चालवून दुपारभर डेपोत बसायचे आणि संध्याकाळी पुन्हा चार तास चालवायचे, तरी माणूस दिवसभर कामावरच असतो, हे त्या कायद्याला कळले होते. कायद्यात होते आणि डेपोत पाळले गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. डबल ड्युटी हा शब्द मी शाळेत जाण्याआधी शिकलो.

वैमानिकांचे आपल्याकडचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही, आणि एका ड्युटीत जितक्या वेळा उतरायचे असेल तितकी ड्युटीची कमाल लांबी कमी होत जाते, कारण वैमानिक दमतो तो आकाशात सरळ जाताना कमी आणि चढता-उतरताना जास्त. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, पण ते ऐकून घेत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांची झाली, रात्रीच्या कामात सहा वेळा उतरण्याची मुभा होती ती दोनवर आली, आणि रात्रीची व्याख्या बदलली. आधी रात्र मध्यरात्रीपासून पाचपर्यंत होती, ती सहापर्यंत लांबवली.

हा पाच ते सहाचा तास मी पुन्हा पुन्हा घोळवला. २२ मे २०१० रोजी सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी, आपल्याच राज्यात मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून दुबईहून आलेले विमान पुढे घसरत दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ जण मेले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, त्याच्या घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात होता, आणि जागा झाल्यावरही झोपेची गुंगी त्याच्या निर्णयांवर राहिली असावी, असे चौकशीत नमूद झाले. भाच्याच्या प्रशिक्षणात हा अपघात शिकवतात. पहाटेच्या त्या वेळेला शरीर काय करते, असे मी त्याला विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मामा, डोळे उघडे असतात. आकडे दिसतात. पण आकडा वाचला आणि त्याचा अर्थ लागला, यात एक श्वास जातो. दिवसा जात नाही."

सुधारित नियम जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी जास्त वैमानिक लागतील म्हणून हरकत घेतली, तारीख पुढे गेली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी दोन टप्पे ठरले, पहिला १ जुलै २०२५ चा आणि दुसरा १ नोव्हेंबर २०२५ चा. आम्हा बेळगावकरांच्या पंचांगात १ नोव्हेंबरला आधीच पुरेशी गर्दी आहे, एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस; त्या दिवशी रात्रीच्या उतरण्यांचा नियम अमलात आला हे इथे कुणाच्या ध्यानात आले नाही. ध्यानात आले डिसेंबरात. नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक इंडिगोच्या रोस्टरमध्ये बसेनात, आणि एकट्या ५ डिसेंबरला तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारने त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून काही आठवड्यांची सूट दिली. भाच्याची ती तीन उड्डाणांची रात्र याच सवलतीतली.

त्या आठवड्यात बेळगावात जो तो वैमानिकांवर घसरला होता. काकांचे म्हणणे, एवढा पगार घ्यायचा आणि वर झोप मागायची. मी त्यांना नगावरचा टर्नर समजावून सांगितला, अर्धवट का होईना त्यांना पटला, आणि मग ते म्हणाले की टर्नरला कुठे लाखात मिळतात. हे खरेच आहे, आणि हिशोबात ते दडवण्याचे कारण नाही. माझे म्हणणे इतकेच होते की पगाराच्या आकड्यात झोपेचा रकाना नसतो. नियम जोवर कंपनीला जास्त माणसे ठेवायला भाग पाडत नाहीत आणि हमीचे तास जोवर आजारी पडण्याइतके पुरेसे नसतात, तोवर दमलो आहे असे कळवण्याचा अधिकार कागदावर असला तरी तो वापरताना माणूस आधी हप्त्याची तारीख बघतो. भाच्याने आजवर किती वेळा तसे कळवले, असे मी विचारले. तो म्हणाला, एकदा. पुढच्या महिन्याचे रोस्टर आल्यावर त्याला त्याचा पस्तावा झाला; का, ते त्याने सांगितले नाही आणि मीही पुढे विचारले नाही.

चहा संपल्यावर तो पुन्हा आडवा झाला. मी ओसरीवर वही मिटून बसलो होतो आणि बहीण राहिलेले तीळ परातीत पसरत होती. चारच्या सुमारास डोक्यावरून पंख्याच्या विमानाचा घरघराट खाली उतरत गेला, वाकळ किंचित थरथरली, आणि आतून डोळे मिटलेल्या माणसाचा जड आवाज आला.

"एटीआर आहे. पंचवीस मिनिटं लेट."

बहीण म्हणाली, "झोप की रे गप."